शेलचेक : स्क्रिप्ट थेट चालत नसेल तर आधी हे चालवून बघा

बॅश (कमांड वाचून चालवणारा शेल प्रोग्रॅम) लिहून पुढे फाइलचं नाव दिलं की स्क्रिप्ट चालते आणि डॉट-स्लॅश लावून थेट चालवली की अडते, हा त्रास युनिक्सवर काम करणाऱ्या सगळ्यांना माहितीये. अशा वेळी शेलचेक हे टूल खरंच कामाला येतं. फुकट आहे, ओपन सोर्स आहे, हॅस्केलमध्ये लिहिलंय, आणि फाइल न चालवता नुसती वाचून चुका दाखवतं.

शेलचेकच्या प्रत्येक इशाऱ्याला नंबर असतो, त्यातला मला सगळ्यात आवडतो तो एससी1017. विंडोजवर सेव्ह केलेल्या फाइलमध्ये प्रत्येक ओळीच्या शेवटी कॅरेज रिटर्न हे जादा अक्षर येतं, ते एडिटरमध्ये दिसत नाही, आणि शेबँगमध्ये, म्हणजे स्क्रिप्ट कोणत्या प्रोग्रॅमने (इंटरप्रिटरने) चालवायची हे सांगणाऱ्या पहिल्या ओळीत, कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) त्याला इंटरप्रिटरच्या नावाचाच भाग समजतो, मग बॅश जागेवर असूनही ‘बॅड इंटरप्रिटर’ म्हणून एरर येते, नव्या बॅशमध्ये तर ‘रिक्वायर्ड फाइल नॉट फाउंड’, आणि माणूस भलतीच फाइल शोधत बसतो. शेलचेक सरळ सांगतं की इथे कॅरेज रिटर्न आहे, टीआर कमांडने काढ. तसंच कर्नलला फाइलचे पहिले दोन बाइट हॅश आणि उद्गारचिन्हच लागतात, त्याआधी एखादी स्पेस किंवा रिकामी ओळ असली किंवा यूटीएफ-8चा तीन बाइटचा बॉम (काही एडिटर फाइलच्या सुरुवातीला टाकतात ती न दिसणारी खूण) असला तरी तो शेबँग ओळखत नाही, हेही सगळं हे पकडतं.

शेबँग अजिबात नसेल तर एससी2148 येतं. ते लोक सोडून देतात कारण टर्मिनलवर स्क्रिप्ट चालतेच, पण ती चालते कारण कर्नलने नकार दिल्यावर बॅश ती फाइल स्वतःच चालवून घेतो. तीच फाइल सिस्टिमडीला (लिनक्सवर सर्व्हिस चालवणाऱ्या प्रोग्रॅमला) द्या, 203 एक्झेक म्हणून सर्व्हिस पडेल. त्यामुळे ही वॉर्निंग प्लीज दुर्लक्ष करू नका.

आता कमी काय, तर शेलचेकला फाइलच्या बाहेरचं दिसत नाही. ‘परमिशन डिनाइड’ आलं तर एलएस मायनस एलने एक्स, म्हणजे फाइल चालवायची परमिशन, आहे का बघा, नसेल तर चमॉड प्लस एक्स करा. बॅशला फाइल दिली की नुसती वाचायची परमिशन पुरते, म्हणून तिकडे ती चालत असते. एक्स असूनही तीच एरर आली तर डिस्क नोएक्झेकने (तिच्यावरच्या फाइल थेट चालवायला बंदी घालणाऱ्या पर्यायाने) माउंट केलीये का ते बघा, ही गोष्ट भल्याभल्यांच्या लक्षात येत नाही. आणि ‘कमांड नॉट फाउंड’ आलं तर बहुतेक वेळा डॉट-स्लॅशच राहिलेलं असतं, चालू फोल्डर पाथमध्ये, म्हणजे कमांड जिथे शोधल्या जातात त्या फोल्डरांच्या यादीत, नसतो.

पायथन, पर्लच्या स्क्रिप्टला याचा उपयोग नाही, फक्त एसएच, बॅश, डॅश, केएसएच अशा शेलच्या स्क्रिप्टला. वेबसाइटवर पेस्ट करूनही तपासता येतं, पण स्क्रिप्टमध्ये पासवर्ड वगैरे असतात तेव्हा मशीनवर इन्स्टॉल केलेलंच बरं. पाचपैकी साडेचार.