इंजिन तापतंय: फटी बुजवाव्यात, काउल फ्लॅप बसवावा की प्लेनम?

चढताना सिलिंडर हेडच्या तापमानाचा काटा वर सरकू लागला की घरी विमान बांधणाऱ्याच्या मनात पहिल्यांदा येतं ते काउलिंगच्या (इंजिनावरच्या आवरणाच्या) नाकावरची हवेची तोंडं मोठी करायचं. तो विचार आधी बाजूला ठेवा. बहुतेक वेळा हवा आत पुरेशी येत असते, पण इंजिनाच्या वरच्या कप्प्यातून सिलिंडरांच्या फिनांमधून (थंड होण्यासाठीच्या पातळ पात्यांमधून) खाली न जाता भलत्याच वाटेने निसटते. तोंड मोठं केलं की फक्त जास्त हवा निसटते.

हे सगळं हवेने थंड होणाऱ्या चार सिलिंडरच्या आडव्या इंजिनाबद्दल आहे. (रोटॅक्स 912 चे हेड पाण्याने थंड होतात, तिथे रेडिएटरचा वेगळा विचार करावा लागतो.) अशा लायकमिंग इंजिनांत हेडची कमाल मर्यादा 260 अंश सेल्सिअस असते, पण इंजिन दीर्घकाळ टिकायचं तर 224 च्या खाली ठेवा, असं कंपनीच सांगते. मी 205 दिसलं की नाक खाली करतो. त्यापुढे ॲल्युमिनियमची ताकद झपाट्याने उतरते.

आधी एक बघा: एकच सिलिंडर तापतोय की चारही? एकच असेल तर पुढची तुलना तुमच्यासाठी नाहीच. त्या सिलिंडरच्या फिनांमध्ये ओतकामाची पापडी राहिली आहे का, त्याच्या इनटेकला (मिश्रण आत नेणाऱ्या नळीला) गळती आहे का, त्याचा सेन्सर बाकीच्यांसारखाच आहे का, हे तपासा. स्पार्क प्लगखालच्या वॉशरचा सेन्सर आणि हेडमध्ये खोचलेला सेन्सर एकच आकडा दाखवत नाहीत. चारही तापत असतील तर इग्निशनचं टायमिंग आणि पूर्ण थ्रॉटलला इंधन-हवेचं मिश्रण आधी बघा. मिश्रण हवं त्यापेक्षा पातळ असेल तर कितीही हवा खेळवा, उपयोग नाही.

आता फटी. माझं मत विचाराल तर सुरुवात इथूनच करावी, कारण खर्च नगण्य आणि वजन शून्य. अंधारात काउलिंग चढवून वरच्या कप्प्यात दिवा सोडा आणि खालून डोकवा. जिथे उजेड दिसेल तिथून हवा जाते. सिलिंडरांमधले पत्रे नीट टेकलेले नसतात, ऑइल कूलरच्या कोपऱ्यात बोट जाईल एवढी जागा राहते. उष्णता सोसणारं सिलिकॉन भरा. पत्रे आणि काउलिंग यांच्यामधली फट झाकणाऱ्या रबरी पट्टीचं टोक दाबाच्या बाजूला, म्हणजे आतल्या अंगाला वळलेलं हवं, तरच हवा तिला काउलिंगवर दाबून धरते. काही उड्डाणांनंतर काउलिंग उलटं करून पाहा: पट्टी घासते तिथे स्वच्छ, सलग रेघ असते. रेघ जिथे तुटते आणि धुळीचे ओघळ बाहेर जातात, तिथे पट्टी उलटी दुमडली आहे.

प्लेनम म्हणजे सिलिंडरांवर बसवलेलं बंद झाकण. काउलिंग पातळ फायबरचं असेल तर हाच उपाय चांगला. वर-खाली दाबातला फरक 100 मिलिमीटर पाण्याइतका असेल तर दर चौरस मीटरला 100 किलोचा रेटा बसतो. पातळ काउलिंग त्याने फुगतं आणि पट्ट्या सुटतात. पण प्लेनम करायला वेळ खूप जातो आणि वरचे प्लग काढायचे तर दर वेळी झाकण उघडा. इंजिन रबरी माउंटवर हलतं, म्हणून पुढच्या तोंडाशी लवचिक जोडही लागतो. काउलिंग मुळात ताठ असेल तर एवढ्या मेहनतीचं फारसं फळ मिळत नाही.

फटी बंद करूनही फक्त चढतानाच तापत असेल तर हवेची बाहेर पडायची वाट बघा. समुद्रसपाटीजवळ 70 नॉटला समोरच्या हवेचा सगळा दाब जेमतेम 80 मिलिमीटर पाण्याइतका असतो, 140 नॉटला त्याच्या चौपट. म्हणून कमी वेगात मोठी वाट हवी आणि क्रूझमध्ये लहान. काउल फ्लॅप, म्हणजे त्या वाटेवरची उघडझाप करता येणारी झडप, दोन्ही देतो. त्याची दांडी निखळली तर तो उघडाच राहील अशी रचना करा. झरोके कापणं किंवा वाटेच्या कडेला ओठ (बाहेर वळलेली पट्टी) लावणं सोपं आहे, पण त्यांचा हवेतला विरोध क्रूझभर सोसावा लागतो. लांबच्या प्रवासाचं विमान असेल तर मी फ्लॅपच निवडेन. धावपट्टीभोवतीच उडणाऱ्याला ओठ पुरतो.

यातलं काय हवं हे ठरवायला दोन बारीक नळ्या पुरतात. एकीचं टोक इंजिनाच्या वर आणि दुसरीचं खाली, थेट झोत लागणार नाही असं ठेवा. कॉकपिटमध्ये इंग्रजी यूच्या आकाराच्या पारदर्शक नळीत रंगीत पाणी भरा, तिच्या एका तोंडाला त्या दोन नळ्या आळीपाळीने जोडा आणि दुसरं तोंड मोकळं ठेवा, म्हणजे वरचा आणि खालचा दाब वेगवेगळा कळतो. आकडे शेजारच्याने वाचावेत, चालवणाऱ्याने नाही. इंजिनाखालचा दाब जास्त असेल तर वाट तुंबली आहे. वरचाच कमी असेल तर पुन्हा दिवा घेऊन फटी शोधा. एका वेळी एकच बदल करा, आणि प्रत्येक वेळी तेच वजन, तोच चढाईचा वेग ठेवून बाहेरचं तापमान लिहून ठेवा.