शेजारच्या सिग्नलांचा समन्वय: पेटंट मागायचे का, कशावर आणि कोणत्या वाटेने

पर्वरीच्या महामार्गावर किंवा मडगावात दोन-तीन चौकांचे सिग्नल एकमेकांशी जोडणारी यंत्रणा तयार झाली, टेबलावर नीट चालली, की पेटंटचा विषय निघतोच. फर्मागुडीच्या कॉलेजातला गट असो वा वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीतली छोटी कंपनी, ठरवायच्या गोष्टी त्याच असतात: पेटंट घ्यायचे की गुपित ठेवायचे, क्लेम (आपला हक्क कशावर आहे ते सांगणारे वाक्य) कशावर लिहायचा, साधे परीक्षण मागायचे की जलद, आणि भारतापुरते थांबायचे की बाहेरही जायचे. अर्ज कुठल्या कार्यालयात जाणार हा प्रश्न नाही. गोवा मुंबई पेटंट कार्यालयाच्या कक्षेत येतो, अर्ज ऑनलाइन होतो आणि सुनावणी व्हिडिओवर.

आधी पाहा, नवे नेमके काय आहे

बहुतेक अर्ज इथेच पडतात. "पहिल्या चौकातून सुटलेला वाहनांचा गट दुसऱ्या चौकात पोचेल तेव्हा तिथे हिरवा लागतो" ही कल्पना फार जुनी आहे. चौकांत ६०० मीटर अंतर आणि वेग ताशी ३६ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १० मीटर, धरला तर दुसऱ्या चौकाचा हिरवा ६० सेकंद उशिरा सुरू करायचा, आणि १२० सेकंदांच्या आवर्तनात (लाल-हिरव्याच्या एका पूर्ण फेरीत) दोन्ही दिशांना वाट मोकळी मिळते. अंतर ४०० मीटर असेल आणि आवर्तन १२० सेकंदच ठेवले तर जाणाऱ्यांना हिरवा मिळतो, पण येणारे ४० सेकंद लालात उभे राहतात. हे गणित मांडणारा ट्रान्सिट हा संगणक प्रोग्राम ब्रिटनमध्ये १९६९ साली आला. रस्त्यातल्या डिटेक्टरवरून वेळा सतत बदलणारे सिडनीचे स्कॅट्स आणि ब्रिटनचे स्कूट हे त्यापुढच्या दशकातले काम. प्रत्येक चौकाने शेजाऱ्याशी बोलून स्वतःचे वेळापत्रक स्वतः आखायचे, हे पिट्सबर्गमध्ये सरट्रॅकने २०१२ मध्ये नऊ चौकांवर करून दाखवले. आपल्याकडे सी-डॅक या सरकारी संस्थेची कॉसिकॉस्ट ही सिग्नल जोडणारी यंत्रणा आहे. मेरशी जंक्शनवर २०२३ पासून कॅमेऱ्याने गर्दी पाहून वेळ बदलणारे सिग्नल आहेत, म्हणजे तेवढा भाग तर गोव्यातच लोकांच्या डोळ्यांसमोर आहे.

त्यामुळे "एआय वापरून समन्वय" एवढ्यावर अर्ज करू नये. शोध घेताना नुसते शब्द टाकून भागत नाही, वर्गीकरणाने शोधावे. पेटंटांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात जी०८जी १/०८१ हा अनेक चौकांच्या एकत्रित नियंत्रणाचा वर्ग, १/०८२ हा शेजारच्या चौकांतल्या कालांतराचा आणि १/०८७ हा रुग्णवाहिकेसारख्या वाहनासाठी सिग्नलचा ठरलेला क्रम बाजूला सारण्याचा. परीक्षक याच कप्प्यांत हात घालतो, तेव्हा आपण आधी घातलेला बरा.

नवेपणा सापडतो तो बहुधा अडचणींच्या ठिकाणी. पावसात कॅमेरा आंधळा झाला तर रांग कशावरून ओळखायची? लेन न पाळणाऱ्या दुचाकींचा घोळका रस्त्यात पुरलेल्या तारेच्या लूपवर (डिटेक्टरवर) नीट उमटत नाही, मग काय? आणि गोव्यात नेहमीचे म्हणजे, चतुर्थीच्या बाजाराला किंवा शिगमोच्या मिरवणुकीला वाहतूक पोलीस एक चौक हाताने चालवायला घेतात. अर्ध्या तासाने तो चौक पुन्हा यंत्रणेकडे येतो तेव्हा शेजाऱ्यांपासून समजा ४० सेकंद सरकलेला असतो. एका झटक्यात जुळवला तर कुठला तरी हिरवा मध्येच तुटतो आणि पादचाऱ्याचा वेळ कापला जातो. सेकंदाला १.२ मीटर चालीने १४ मीटरचा रस्ता ओलांडायला सुमारे १२ सेकंद लागतातच. दर आवर्तनाला जास्तीत जास्त दहा टक्के, म्हणजे १२० पैकी १२ सेकंद, सरकवत नेले तर चार आवर्तनांत, आठ मिनिटांत, चौक जुळतो. असे काही तुमच्याकडे असेल आणि आधी कोणी केलेले सापडत नसेल, तर अर्जाचा गाभा तोच.

पेटंट की गुपित

निवडीचा निकष सोपा आहे. प्रतिस्पर्ध्याने तुमची गोष्ट उचलली तर ती तुम्हाला रस्त्यावर स्टॉपवॉच घेऊन किंवा पेटी उघडून दाखवता येईल का? दाखवता येत असेल तर पेटंट. हाताने चालवल्यानंतर चौक कसा परत जुळतो, शेजाऱ्याचा संदेश तुटल्यावर पेटी काय करते, हे बाहेरून मोजता येते. उलट, न्यूरल नेटवर्कची वजने, प्रशिक्षणाचा डेटा, चौकागणिक बसवलेले आकडे हे सर्व्हरच्या पोटात राहते. त्याचे पेटंट मिळाले तरी उल्लंघन सिद्ध करता येणार नाही, आणि अर्ज प्रसिद्ध झाला की गुपितही गेले. ते करारात बांधावे. कोडला कॉपीराइट आपोआप असतोच.

क्लेमचे दोन मसुदे

एकाच यंत्रणेचे हे दोन मसुदे पाहा.

पहिला: "लगतच्या चौकांवरील वाहनसंख्या मिळवून, इष्टतमीकरणाच्या अल्गोरिदमने हिरव्या दिव्याचा काळ ठरवण्याची पद्धत."

दुसरा: "पहिल्या व दुसऱ्या चौकावर प्रत्येकी एक कंट्रोलर पेटी असलेली प्रणाली, ज्यात पहिली पेटी दुसरीला रांगेच्या टोकाचे स्थान आणि समान घड्याळाची वेळ असलेला संदेश ठरावीक अंतराने पाठवते, दुसरी पेटी त्यावरून आपल्या दिव्यांच्या रिलेला जाणारा आदेश बदलते, संदेश ठरलेल्या मुदतीत न आल्यास स्थानिक वेळापत्रकावर परतते, आणि हस्तचालन संपल्यावर प्रत्येक आवर्तनात कमाल मर्यादेइतकेच कालांतर दुरुस्त करते."

पहिल्यावर पेटंट कायदा १९७० चे कलम ३(के) येणार हे नक्की. गणिती पद्धत, निव्वळ संगणक प्रोग्राम आणि अल्गोरिदम यांना त्या कलमाखाली पेटंट नाही. या मसुद्यात दिवा कुठे बदलतच नाही. आकडा निघतो आणि वाक्य संपते. दुसऱ्यात घड्याळ आहे, संदेश आहे, रिले आहे. नवे हार्डवेअर असायलाच हवे अशी २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांतली अट २०१७ मध्ये निघाली, दिल्ली उच्च न्यायालयाने फरीद अल्लानी प्रकरणात २०१९ साली तांत्रिक परिणाम पाहण्यावर भर दिला, आणि २०२५ मध्ये सूचना पुन्हा सुधारल्या गेल्या. म्हणजे जुन्याच पेटीत बसणारा नवा विचारही चालतो, पण त्याने तांत्रिक अडचण सुटते हे स्पेसिफिकेशनमध्ये, म्हणजे अर्जातल्या शोधाच्या वर्णनात, दिसले पाहिजे.

लोक ३(के) ला घाबरून क्लेममध्ये "प्रोसेसर", "मेमरी", "कॅमेरा" भरतात. त्याने फार काही साधत नाही. उलट ओळखीची साधने नुसती शेजारी मांडली आणि प्रत्येक आपले जुनेच काम करते, असे दिसले तर ३(एफ) चा आक्षेप येतो. खरी लढाई पुढेच असते: कलम २(१)(जेए), शोधाचे पाऊल. परीक्षक एक दस्तऐवज समन्वयाचा घेतो, दुसरा संदेशवहनाचा, आणि दोन्ही जोडणे जाणकाराला सहज सुचले असते म्हणतो. "आमची यंत्रणा अधिक कार्यक्षम आहे" हे त्याला उत्तर नव्हे. त्या दोन दस्तऐवजांत संदेश तुटल्यावर किंवा हस्तचालनानंतर काय होते ते नाही, आणि ते जोडूनही अडचण तशीच राहते, हे दाखवावे लागते.

दाखवायचे तर मूळ स्पेसिफिकेशनमध्ये ते असायला हवे. कलम ५९ मुळे नंतर नवा मजकूर घालता येत नाही. म्हणून पहिल्या दिवशीच पेट्यांची आकृती, दोन चौकांची एकाखाली एक काढलेली वेळरेषा, संदेशात कोणती क्षेत्रे असतात, मुदत किती (उदाहरणार्थ दर सेकंदाला संदेश, तीन ते पाच सेकंद न आल्यास तुटला असे मानणे), आणि त्याच चौकावर त्याच वेळी स्थिर वेळापत्रकाशी केलेली तुलना, हे सगळे टाकावे. मर्यादा "दहा टक्के" असेल तर "पाच ते पंधरा" अशी पायरीही लिहून ठेवावी. क्लेम आकुंचन पावतो तेव्हा या पायऱ्याच हाताशी येतात.

साधे परीक्षण की जलद

व्यक्ती, स्टार्टअप, लघुउद्योग आणि शैक्षणिक संस्था यांच्यासाठी ऑनलाइन अर्ज १,६०० रुपये, फॉर्म १८ वरची परीक्षणाची मागणी ४,००० रुपये, एकूण ५,६००. जलद वाटेने अर्जाचे १,६००, लवकर प्रसिद्धीचा फॉर्म ९ चे २,५०० आणि फॉर्म १८ए चे ८,००० मिळून १२,१००. ३० पानांपुढे प्रत्येक पानाला १६० आणि १० क्लेमपुढे प्रत्येकी ३२० रुपये दोन्हीकडे सारखेच, तेव्हा अठरा क्लेम लिहिलेत तर २,५६० वाढले. मोठ्या कंपनीला यातले बहुतेक आकडे पाचपट पडतात, फॉर्म १८ए तर ६०,००० रुपये. वकिलाची फी वेगळी.

जलद वाट सगळ्यांना खुली नाही. स्टार्टअप, लघुउद्योग, सरकारी खाते, सरकारी किंवा मुख्यतः सरकारी पैशावर चालणारी संस्था, आणि निव्वळ व्यक्तींचा अर्ज असेल तर अर्जदारांत निदान एक महिला, असे काही गट पात्र आहेत. म्हणजे सरकारी अभियांत्रिकी कॉलेज यात बसते. खासगी कॉलेजाला फीची सवलत मिळते, पण तेवढ्याने जलद परीक्षण मिळत नाही. ही गल्लत फार होते.

साध्या वाटेत प्रसिद्धी १८ महिन्यांनी. फॉर्म १८ साठी अग्रक्रम तारखेपासून (त्या शोधाच्या पहिल्या अर्जाच्या तारखेपासून) ३१ महिने मिळतात. १५ मार्च २०२४ पूर्वी ते ४८ होते आणि अजूनही जुन्या माहितीवर विसंबून अर्ज बुडतात. जलद वाटेत परीक्षकाला अहवालासाठी एक, फार तर दोन महिने, आणि शेवटच्या उत्तरानंतर तीन महिन्यांत निकाल. आक्षेपांच्या पहिल्या अहवालाला उत्तर द्यायची मुदत मात्र दोन्हीकडे सहा महिने, वाढवून नऊ.

तरीही ज्याची यंत्रणा अजून बदलते आहे त्याने जलद वाट धरू नये, असे आमचे मत. लवकर प्रसिद्ध झालेला तुमचाच अर्ज तुमच्या पुढच्या सुधारणेच्या आड येतो. भारतात कलम ५४ खालचे जोड-पेटंट त्यातून वाट काढते: मूळ शोधाच्या तुलनेत शोधाचे पाऊल नाही, एवढ्याच कारणाने ते नाकारता येत नाही आणि नूतनीकरणाची वेगळी फी नाही. पण ते मूळ पेटंटबरोबरच संपते, आणि युरोपात तशी सोय नाही. निविदेआधी हातात मंजूर पेटंट हवे असेल, तर जलद. अन्यथा आधी तात्पुरते स्पेसिफिकेशन, मग १२ महिन्यांच्या आत एका पावसाळ्याच्या चाचणीसह पूर्ण.

भारत, युरोप, अमेरिका

विषय पेटंटयोग्य आहे का, या प्रश्नावर वरचा दुसरा मसुदा तिन्हीकडे तगून जाईल. युरोपात ज्या भागाने तांत्रिक कामाला हातभार लागत नाही तो शोधाच्या पावलात मोजत नाहीत. पादचाऱ्यांच्या हालचालीच्या सिम्युलेशनवरचा युरोपीय पेटंट कार्यालयाचा जी १/१९ हा १० मार्च २०२१ चा निर्णय या क्षेत्राने वाचलाच पाहिजे. संगणकात चौक चालवून दाखवणे पुरत नाही, निकाल दिव्यापर्यंत पोचवा. अमेरिकेत सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या ॲलिस निकालापासून "अमूर्त कल्पना" हा आक्षेप ठरलेला, आणि उत्तरही तेच.

मोठा फरक चाचणीचा आहे. सिग्नल बंद खोलीत तपासता येत नाही. आपले कलम ३२ म्हणते की वाजवी चाचणीसाठी, आणि शोधाच्या स्वरूपामुळे ती उघड्यावर करणे गरजेचे असेल तर, अग्रक्रम तारखेआधीच्या एका वर्षातला असा वापर आड येत नाही. कलम ३० खाली सरकारला तपासणीसाठी दिलेली माहितीही आड येत नाही. अमेरिकेत स्वतःच्या प्रकटनाला एक वर्षाची सवलत आहे. युरोपात यातले जवळजवळ काहीच नाही: अर्जाआधी रस्त्यावर लावलेत तर नवेपणा गेला. म्हणून युरोप यादीत असेल तर आधी तात्पुरता अर्ज, मग खांबावर पेटी. भारतातही चाचणीचे पत्र "चाचणी" म्हणून, तारखेसह आणि विनामोबदला असावे. पैसे घेऊन चालवलेले काम चाचणी म्हणून टिकवणे अवघड.

बाहेर जायचे तर भारतातल्या अर्जानंतर सहा आठवडे थांबणे किंवा फॉर्म २५ वर परवानगी घेणे बंधनकारक. ते टाळले तर भारतीय अर्जच सोडून दिला असे धरतात. गिऱ्हाईक फक्त गोवा आणि महाराष्ट्र असेल तर युरोपचा खर्च आम्ही सुचवणार नाही.

कॉलेजांच्या अर्जांत आणखी एक चूक नेहमीची: अर्जदार कॉलेज, शोधक विद्यार्थी, आणि हक्क हस्तांतराचा कागदच नाही. तो सहा महिन्यांत द्यावा लागतो. विद्यार्थी पास होऊन बंगळूरला गेले की सह्या गोळा करणे कठीण होते.

पैशाचा हिशेब करताना कलम ४७ विसरू नये. सिग्नलचे गिऱ्हाईक बहुधा सरकारच असते, आणि पेटंट देतानाच सरकारला निव्वळ स्वतःच्या वापरासाठी ते वापरण्याची मुभा राखलेली असते. त्यामुळे रॉयल्टीच्या भरवशावर आराखडा बांधण्यापेक्षा पेटंट दुसऱ्या पुरवठादारांशी बोलताना वापरावे, आणि कमाई बसवणे, जुळवणे व देखभालीच्या करारात धरावी.