बंद सदनिकेची देखभाल : कोथरूडमधील एका सेवेविषयी

अमेरिकेत वास्तव्य असल्याने कोथरूडची आमची सदनिका आम्ही एका देखभाल सेवेकडे सोपवली आहे. महावितरणचा कर्मचारी असल्याचे सांगून एक गृहस्थ थकबाकीपोटी रोख रक्कम मागू लागले, तेव्हा सेवेच्या पर्यवेक्षिकाबाईंनी ओळखपत्र पाहायला मागितले, आमचा १२ अंकी ग्राहक क्रमांक विचारला आणि वीज तक्रारींच्या १९१२ या हेल्पलाइनवर स्वतः चौकशी सुरू केली. तोवर गृहस्थ जिना उतरलेही होते. आज रात्रीच वीज तोडण्याची त्यांची धमकी तशीही पोकळच, कारण वीज कायदा २००३ च्या कलम ५६ नुसार खऱ्या थकबाकीदारालाही किमान १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. सेवेचे शुल्क मात्र चढे आहे, आणि साफसफाई जेमतेम.