पेटी परत आली, आतले सूर गेले

आषाढ-श्रावणात सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या गावांतून पेटीदुरुस्तीच्या नावाखाली फिरणाऱ्या माणसांपासून सावध राहा. मी कुडाळ तालुक्यातला, दशावतारात आणि भजनात पेटी, म्हणजे हार्मोनियम, वाजवतो. माझ्या पेटीतले जर्मन सूर काढून अशाच एकाने हलके सूर बसवले आणि वर माझ्याकडूनच दुरुस्तीचे 3,500 रुपये नेले. ज्यांच्या घरी बापजाद्यांची जुनी पेटी आहे त्यांनी तर हे नीट वाचावंच.

जे वाजवत नाहीत त्यांच्यासाठी आधी थोडं सांगतो. पेटीचा आवाज येतो तो आतल्या पितळी सुरांतून. प्रत्येक पट्टीखाली पितळेची पातळ जीभ असते, भात्याची हवा लागली की ती थरथरते. या जिभेलाच आम्ही सूर म्हणतो, आणि अशा सुरांच्या एका रांगेला लाइन. तीन सप्तकांच्या, 37 पट्ट्यांच्या पेटीत दोन लाइन असतील तर 74 सूर, तीन लाइन असतील तर 111. आज बहुतेक पेट्यांत गुजरातमधल्या पालिताण्याचे सूर असतात आणि त्यातही उत्तम माल मिळतो. पण जुन्या पेट्यांतले जर्मन ज्युबिलेट सूर वेगळेच. थोड्या हवेत बोलतात, वर्षानुवर्षं हलत नाहीत. ते नव्याने बनणं कधीच बंद झालं. आज बाजारात फिरतात ते बहुतेक कुठल्या तरी जुन्या पेटीतून निघालेलेच. कुणाची तरी जुनी पेटी उघडल्याशिवाय हा माल सहसा येत नाही, हे ध्यानात घ्या.

माझी पेटी वडिलांनी मुंबईला गिरणीत असताना घेतली. दोन लाइनची, एक खर्ज म्हणजे खालच्या आवाजाची, दुसरी नर म्हणजे त्याच्या वरच्या, दोन्ही जर्मन. 

दशावताराचा हंगाम मिरगाआधी संपतो. मग पावसाळाभर पेट्या घरात पडून असतात. आमच्याकडची हवा तुम्हाला माहीत आहेच. लाकूड फुगतं, पट्ट्या अडकतात, चामड्याला बुरशी येते, स्प्रिंगा गंजतात. आणि चतुर्थी तर तोंडावर आलेली असते. घरोघरची भजनं, मंडळांच्या डबलबाऱ्या म्हणजे दोन बुवांचे भजनाचे सामने, सगळं त्या पेटीवर. कुडाळ-सावंतवाडीत जाणता कारागीर मिळणं कठीण, मिरजेला किंवा मुंबईला न्यायची तर भाडं, वेळ आणि वाटेत आदळण्याची भीती. एका नाइटला, म्हणजे रात्रीच्या एका कार्यक्रमाला, हातात काय पडतं ते सगळ्या वाजवणाऱ्यांना ठाऊक आहे, त्यात हा खर्च कुठून बसवायचा? दारात येऊन काम करतो म्हणणारा माणूस अशा वेळी देवासारखा वाटतो, आणि या लोकांना आपली ही अडचण पक्की माहीत असते. म्हणून ते नेमके तेव्हाच येतात.

माझ्याकडे आलेला माणूस बोलायला गोड होता. दोन-चार नामवंत बुवांची नावं घेतली, त्यांच्या पेट्यांचे फोटो मोबाइलवर दाखवले. माझी पेटी वाजवून बघितली, सूर बसवलेली फळी उचलून आत बघितलं आणि म्हणाला, "मास्तर, सूर ओलाव्याने बसलेत. इथे होणार नाही, कारखान्यात भट्टीवर सुकवायला लागतील." पेटी घेऊन गेला, निम्मे पैसे आगाऊ घेतले. ठरलेल्या दिवशी परत आणून दिली. नवं पॉलिश, भात्याला नवं कापड, पट्ट्या अगदी लोण्यासारख्या. सुरात होती. घरातले सगळे खूश.

भट्टीची ती गोष्ट सरळ खोटी होती, हे मला नंतर मिरजेच्या एका जुन्या कारागिराने समजावून दिलं. सूर पितळेचे, ते ओलाव्याने फुगत नाहीत. त्यांच्यावर धूळ बसते, हिरवट थर चढतो, तो जागेवर बसून साफ करता येतो. ओलाव्याने बिघडतं ते लाकूड आणि चामडं. तेव्हा सूर सुकवायचे म्हणून कुणी पेटी मागितली की तिथेच त्याला चहा पाजून वाटेला लावा.

गणपतीत रोज वाजवणं सुरू झालं. पहिले दिवस निभावले. गौरी गेल्या तसा मधल्या सप्तकातला गंधार उतरायला लागला, मग पंचम. बुवा वरच्या पट्टीत गाणारे, त्यांना सूर सापडेना. ते वैतागले. मृदंगवाला माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "मास्तर, पेटयेचो आवाज असो कित्याक येता?" समोर लोक बसलेले, बारी रंगात आलेली, आणि माझी बोटं बरोबर असून आवाज चुकीचा. वाजवणाऱ्यालाच कळेल ते काय असतं. लोकांना वाटतं मास्तरांचा हात गेला.

घरी येऊन मधला षड्ज आणि वरचा षड्ज एकदम दाबून बघितले. सुरात असतील तर दोन्ही मिळून एकच आवाज लागतो. इथे आवाजात लाटा येत होत्या, वां-वां-वां अशा. फळीचे स्क्रू काढून ती उलटी केली. दोन्ही टोकांचे सूर जुनेच, काळपट झालेले, ज्युबिलेटचा छाप असलेले. मधल्या सप्तकातले मात्र सगळे पिवळेधमक, बिनछापाचे, जिभांच्या टोकांवर कानसेचे ताजे ओरखडे. म्हणजे घाईघाईत घासून तेवढ्यापुरते सुरात आणलेले. आणि स्क्रू! वडिलांच्या वेळचे पितळी, एका खाचेचे. याने बसवलेले लोखंडी, चार खाचांचे, आणि आमच्या खाऱ्या हवेत तेवढ्यातच त्यांच्या डोक्यांवर तांबड्या गंजाच्या कडा आलेल्या. टोकं का सोडली तेही कळलं. कुणी बाजूने डोकावलं तर जर्मन छापच दिसावा, आणि वाजवताना हात फिरतो तो मधलाच माल न्यावा.

त्या माणसाचा फोन आधी वाजून कटायचा, मग बंदच झाला. चौकशी केली तेव्हा ओळखीतल्या आणखी दोघांनी पेट्या उघडल्या. त्यांचंही तेच झालेलं.

सगळ्यात जास्त लागलं ते पुढे. पोलिसांत तक्रार द्यायला गेलो तर मला विचारलं, "पेटी आसा मा? वाजता मा? मगे चोरल्यान काय?" मी तिथे भात्याला हात घालून दोन सूर वाजवून दाखवले. समोरच्याला फरक ऐकू येईना, त्यात त्याचा दोष नाही. पण दागिन्यातलं सोनं काढून मुलामा दिला तर कुणी विचारत नाही की दागिना आहे ना मग गेलं काय. वाद्याच्या बाबतीत हे प्रत्येक वेळी पहिल्यापासून पटवून द्यावं लागतं. वादक जन्मभर हेच करत आलाय, कधी मानधनासाठी, कधी माइकसाठी, आता चोरी झाली हे पटवायलाही.

शेवटी उपयोगी पडला तो पेन्सिलचा मजकूर. जुने कारागीर काम झालं की पेटीच्या आतल्या लाकडावर तारीख आणि सही करतात. माझ्या पेटीत मिरजेच्या त्या कारागिराच्या हातचं होतं, ‘जर्मन दोन लाइन, सूर लावले’. त्यांनी तसं लेखी दिलं आणि अर्ज घेतला गेला. तुमच्यावर वेळ आली तर अर्जात नुसतं ‘फसवलं’ लिहू नका, विश्वासाने सोपवलेल्या वस्तूतला भाग काढून घेतला असं स्पष्ट लिहा. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत फसवणुकीला कलम 318 आहे आणि सोपवलेल्या वस्तूच्या अपहाराला कलम 316. पैसे देऊन दुरुस्ती करून घेतली म्हणजे आपण ग्राहकही आहोत. 1915 या हेल्पलाइनवर सल्ला मिळतो, जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, आणि 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. पण समोरच्याचं नाव-पत्ता नसेल तर हे सगळं अडतं. म्हणून पावती, आधार कार्डाचा फोटो आणि कारखान्याचा पत्ता घेतल्याशिवाय पेटी उंबऱ्याबाहेर जाऊ देऊ नका. खरा कारागीर याचा राग धरत नाही.

आज संध्याकाळीच एक काम करा. फळी उघडून दोन्ही लाइनचे सूर मोबाइलवर फोटोत घ्या, छाप वाचता येतील इतक्या जवळून. प्रत्येक पट्टी सावकाश वाजवून आवाज रेकॉर्ड करून ठेवा. लाकडावर आपली सही करा. दुरुस्ती शक्यतो आपल्या ओटीवर, आपल्या डोळ्यांसमोर. पेटी बाहेर द्यावीच लागली तर परत आल्यावर पैसे देण्याआधी फळी उलटी करून फोटोशी ताडून बघा, आणि निम्मे पैसे थोडे दिवस वाजवून झाल्यावर द्या. भजनी मंडळाची सामाईक पेटी असेल तर हे कुणा एकावर सोपवून ठेवा. सगळ्यांची वस्तू असते तिथे आत कुणीच डोकावत नाही.

सध्या मी मंडळाच्या पेटीवर नाइट करतोय. वडिलांच्या पेटीत मिरजेचे कारागीर पालिताण्याचे चांगले सूर बसवून देणार आहेत, म्हणजे ती बोलेल तरी.

एक विनंती आहे. मुंबई, पुणे, मिरज, कोल्हापूर, कुठेही तुम्हाला कुणी सुटे जर्मन सूर विकायला आणले आणि ते नेमके मधल्याच सप्तकाचे असले, तर कुठून काढले ते विचारा. माझ्या सुरांची खूण आहे. नर लाइनच्या मधल्या पंचमाच्या सुराची जीभ ज्या पितळी पत्र्यावर बसते त्याचा डावा कोपरा तिरका कापलेला आहे, बसवताना आड येत होता म्हणून कारागिराने कानसेने उडवला होता. तसा सूर हाती लागला तर विकत घेऊ नका, फोटो काढा आणि मला कळवा.