जुन्या पोकलेनसाठी घेतलेला कोड रीडर : दिवाळी ते उन्हाळा वापरून झाल्यावर

वापरलेली पोकलेन आणि जेसीबी घ्यायची, दुरुस्त करायची आणि भाड्याने लावायची, हा आमचा सोलापुरातला धंदा. दिवाळीच्या सुमारास नऊ पिनी सॉकेटला लागणारा, हातात धरायचा जे१९३९ कोड रीडर, म्हणजे मशीनने नोंदवलेले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र घेतलं. कुठल्या मशीन कंपनीचा नाही, बाजारात मिळतो तो साधाच. पंधरा हजारांच्या आत बसला. तेव्हापासून चिंचोळी एमआयडीसीतल्या शेडपासून मंगळवेढ्याकडच्या क्रशरपर्यंत तो सोबत फिरला आहे. घ्यावा का, असं बरेच जण विचारतात म्हणून सविस्तर लिहितो.

आधी हे यंत्र नेमकं काय वाचतं ते सांगतो. आजच्या मशीनमध्ये इंजिनचा कंट्रोलर, हायड्रॉलिक पंपाचा कंट्रोलर आणि केबिनमधला मॉनिटर एकमेकांशी दोन पिळलेल्या वायरींवरून बोलतात. ही कॅन पद्धत बॉशने १९८६ साली मांडली. जड गाड्यांसाठी तिच्यावर बेतलेला नियम म्हणजे जे१९३९. एप्रिल २०२१ पासून चाकांच्या मशीनना सीईव्ही स्टेज ४, म्हणजे बांधकाम मशीनच्या धुराचे कडक नियम, लागू झाल्यावर जेसीबीसारख्या साध्या बॅकहोमध्येही हा पसारा आला. आता तीच मशीन सेकंडहँड बाजारात येऊ लागली आहेत, त्यामुळे हे दुखणं आणखी वाढणार.

एक उदाहरण तपशिलात देतो, कारण रीडरची किंमत मला तिथे वसूल झाली. रस्त्याच्या ठेकेदाराकडून घेतलेलं पोकलेन. ऑपरेटरचा फोन, "मालक, सकाळी झकास चालतंय, बारा वाजले की नाटकं सुरू." ऊन चढलं की मॉनिटरवर लाल दिवा, इंजिनचा आकडा गायब आणि थ्रॉटल फिरवला तरी आयडल सोडायचं नाव नाही. आधीच्या वायरमनने स्पीड सेन्सर बदलायला सांगितला होता. रीडर लावला तर कोड आला एसपीएन १९०, एफएमआय ९. एसपीएन म्हणजे तक्रार कशाबद्दल आहे तो नंबर, एफएमआय म्हणजे बिघाड कोणत्या प्रकारचा तो नंबर. १९० म्हणजे इंजिनचा वेग, हे खरं. पण ९ चा अर्थ सेन्सर खराब असा होत नाही. माहिती वेळेवर पोचत नाही, एवढाच होतो. शिवाय ही तक्रार इंजिनने केलीच नव्हती, पंपाच्या कंट्रोलरने केली होती. रीडर तक्रार करणाऱ्या कंट्रोलरचा पत्ता, म्हणजे लाइनीवरचा त्याचा नंबरही दाखवतो. इंजिनचा पत्ता शून्य असतो, आणि त्या वेळी लाइनीवर बोलणाऱ्यांच्या यादीत शून्य पत्ताच नव्हता. सेन्सर बदलणं म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी झालं असतं.

इथून पुढे रीडर बाजूला ठेवून मीटर हातात घ्यावा लागतो. चावी बंद, बॅटरीचा कटआउट बंद, आणि सॉकेटच्या सी आणि डी पिनमध्ये, म्हणजे कॅनच्या दोन वायरींमध्ये, ओहम मोजायचे. लाइनीच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रेझिस्टर असतो, म्हणून एकत्र ६० दिसले पाहिजेत. सकाळी ६० होते, दुपारी १२०. म्हणजे एक टोक तुटत होतं, आणि इंजिन त्याच टोकाला होतं. केबिनमागचा मोठा कपलर, म्हणजे वायरींचा जोड, उघडला. रबरी सील भेगाळलेलं, सी-डीच्या वायरी जिथे जातात त्या पिनवर हिरवट पूड. वायर बोटाने हलवली की आकडा साठवरून एकशेवीसवर उडायचा. आमच्याकडे मे महिन्यात पत्र्याला हात लावता येत नाही, त्या उन्हात पिन सैल होऊन सुटत होती. पिना आणि सील बदललं, हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, क्लिपने बांधला. ते मशीन तेव्हापासून बार्शीकडे कामावर आहे.

मीटरवर १२० आले तर लाइन तुटली, शून्याजवळ आले तर दोन वायरी चिकटल्या. एका बॅकहोमध्ये ४० आले. म्हणजे तिसरा रेझिस्टर कुठेतरी लागलेला. सीटखाली आधीच्या मालकाने बसवलेला जीपीएसचा डबा निघाला, तोही टेप गुंडाळून कॅनच्या वायरींवरच जोडलेला. डबा काढला, ६० झाले. जुनं मशीन घेताना असे डबे आधी शोधा.

मशीन विकत घेताना रीडरचा आणखी एक उपयोग होतो, आणि माझ्या मते सगळ्यात मोठा हाच. इंजिनच्या कंट्रोलरमध्ये इंजिन किती तास चाललं याची वेगळी नोंद असते, एसपीएन २४७. मॉनिटरवरचे तास आणि हे तास शेजारी ठेवून बघा. मॉनिटर खरंच बदलला असेल तर फरक असू शकतो, पण मग विकणाऱ्याने तसं सांगायला हवं. जुने कोड पुसूनही ठेवतात. मेमरी कोरी दिसली तर खुश होऊ नका. मशीन लोडवर घेऊन चांगलं गरम होऊ द्या आणि पुन्हा वाचा.

आता तक्रारी. स्क्रीन उन्हात अजिबात दिसत नाही, डोक्यावर गमछा धरून वाचावं लागतं. दुसरी तक्रार जास्त गंभीर आहे. एसपीएन ५२०१९२ ते ५२४२८७ हा पट्टा कंपन्यांना स्वतःच्या कोडसाठी सोडलेला आहे, तिथे रीडर फक्त नंबर दाखवतो, अर्थ नाही. त्यासाठी त्या मशीनचं सर्व्हिस मॅन्युअलच लागतं. काही पोकलेनमध्ये पंप आणि मॉनिटर वेगळ्याच लाइनीवर कंपनीच्या भाषेत बोलतात, तिथे याला इंजिनापलीकडे काही दिसत नाही. अशा मशीनसाठी अधिकृत सॉफ्टवेअरवाल्यालाच बोलवा, वेळ घालवू नका.

आणि लाइनीत बिघाड आहे की नाही हे हा रीडर थेट सांगत नाही. कोण गप्प आहे ते सांगतो. पुढचं काम मीटरचं, म्हणून मिनिमम-मॅक्सिमम धरून ठेवणारा चांगला मीटर नसेल तर आधी तो घ्या. चावी चालू असताना मशीनच्या अर्थिंगला धरून कॅनच्या एका वायरीवर अडीच व्होल्टच्या थोडं वर आणि दुसरीवर थोडं खाली दिसलं तर लाइन बहुधा ठीक असते. एखाद्या वायरीवर थेट बॅटरीचे व्होल्ट आले तर हार्नेस कुठेतरी घासलाय. उसाच्या पट्ट्यात उभ्या राहिलेल्या मशीनमध्ये उंदरांनीही वायरी सोललेल्या मिळतात.

घेताना हिरव्या प्लगची वायर मागा. हिरवा प्लग काळ्या आणि हिरव्या दोन्ही सॉकेटात बसतो, काळा फक्त काळ्यात. कॅन लाइनीवर सेकंदाला पाच लाख बिट वेगाने बोलणाऱ्या नव्या मशीनना हिरवं सॉकेट असतं. रीडर १२ आणि २४ दोन्ही व्होल्टवर चालतो ना, तेही दुकानातच बघून घ्या.