मोटरवर फिरणारी ९० सेंटीमीटरची डिश: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात मी पुण्यातील आमच्या गच्चीवर ९० सेंटीमीटरची ऑफसेट डिश डायसेक मोटरवर, म्हणजे रिसीव्हरच्या केबलवरूनच आज्ञा घेऊन डिश फिरवणाऱ्या मोटरवर बसवली. मोटरच्या खोक्यावर ०.१ अंशाची अचूकता छापलेली होती. ती वाचून माझा असा समज झाला होता की, रिसीव्हरमध्ये अक्षांश-रेखांश भरले की डिश सांगेल त्या उपग्रहावर जाऊन बिनचूक थांबेल. पहिल्या आठ दिवसांतच तो समज गेला. डीडी फ्री डिश ज्यावरून येते त्या जीसॅट-१५ वर, म्हणजे ९३.५ अंश पूर्वेला, सिग्नलची गुणवत्ता ७८ टक्के दिसे. पण डिश ८३ अंशांवर जाऊन परत आली की तीच कधी ७०, तर कधी ६० भरे.

एवढ्या आकाराच्या डिशची केयू बँडमधील (घरगुती डिश वापरतात त्या लहरींच्या पट्ट्यातील) झोताची रुंदी साधारण दोन अंश असते. अर्ध्या अंशाची चूक झाली तर पाऊण डेसिबल जाते आणि स्वच्छ आकाशात ते कोणाच्या लक्षातही येत नाही. चूक एक अंशाची झाली की मात्र निम्मी शक्ती जाते, आणि पावसाळ्यात तिथेच चित्र गोठते. शिवाय ९१.५, ९३.५ आणि ९५ हे तिघे इतके खेटून आहेत की, डिश थोडी सरकली तरी शेजाऱ्याचा सिग्नल आत डोकावतो.

दोष मोटरचा आहे असे मानून मी ती बदलून घेण्याच्या बेतात होतो. त्याआधी एका गवंडीकाम करणाऱ्या शेजाऱ्यांनी खांबाला ओळंबा लावून पाहिला आणि खांब उत्तरेकडे झुकलेला निघाला. स्पिरिट लेव्हल मी लावली होती, पण एकाच बाजूने. खांब सरळ नसेल तर पुढचे कोणतेही गणित जुळत नाही, म्हणून मोटर उतरवून, पायथ्याशी वॉशर घालून तो चारही बाजूंनी ओळंब्यात आणला.

दक्षिण दिशेसाठी होकायंत्राचा भरवसा धरू नये, कारण स्लॅबमधील सळया सुईला ओढतात. मी खांबाची मध्यान्हीची सावली वापरली. पुण्याचा रेखांश ७३.८६ असल्यामुळे घड्याळातले बारा आणि सूर्याचे बारा एक नसतात. नोव्हेंबरच्या सुरुवातीला सूर्य १२ वाजून १८ मिनिटांच्या सुमारास बरोबर दक्षिणेला येतो, तर फेब्रुवारीच्या मध्यावर त्याला पावणेएक ओलांडावा लागतो. मे ते जुलैमध्ये सूर्य जवळजवळ डोक्यावर असल्याने हा उपाय चालत नाही. सावलीची रेघ खडूने आखली, तरी मोटर त्या रेघेवर वळवणे हे वेगळेच काम निघाले. दोन इंची जीआय पाइपच्या घेरावर एक अंश म्हणजे जेमतेम अर्धा मिलिमीटर भरतो. त्यासाठी मी मोटरच्या ब्रॅकेटला ६० सेंटीमीटरची पट्टी बांधली. तिच्या टोकाशी एक अंश एक सेंटीमीटरचा होतो, आणि मग हाताला काम करता येते.

यूसॅल्स पद्धतीत रिसीव्हर स्वतःच मोटरचा कोन काढतो. जीसॅट-१५ आमच्या रेखांशापासून १९.६ अंश दूर आहे, पण मोटर फिरते २२.८ अंश, कारण आपण पृथ्वीच्या केंद्रावर नसून पृष्ठभागावर, म्हणजे उपग्रहाच्या अधिक जवळ उभे आहोत. हे गणित रिसीव्हर चोख करतो. डिशचा झुकाव मात्र आपल्याच हातात राहतो. पुण्याच्या अक्षांशावर तो ३.२ अंश येतो, आणि माझ्या मोटरच्या नळीचा बाक ३० अंशांचा असल्याने डिशच्या मागची अंशांची पट्टी २६.८ वर हवी. ती पट्टी पत्र्यावर ठोकलेली, जाड रेघांची असते; तिच्यावर विसंबून चालत नाही, सिग्नल पाहूनच शेवटचा पाना फिरवावा. चॅनल सशुल्क असले तरी मीटरवर त्यांचा सिग्नल दिसतो, त्यामुळे जुळवणीला ते बिनधास्त वापरावेत.

खरी अडचण पश्चिमेची होती, कारण त्या बाजूला मला जोरकस केयू सिग्नल मिळत नव्हता. १२ मार्चच्या आसपास सूर्य आपल्याला उपग्रहांच्याच कमानीवरून जाताना दिसतो. सकाळी सव्वाअकराच्या सुमारास तो जीसॅट-१५ च्या मागे आला, चित्र फुटले, आणि त्या क्षणी एलएनबीची, म्हणजे डिशसमोरच्या सिग्नल टिपणाऱ्या डब्याची, सावली डिशवर जिथे पडली तिथे मी पेन्सिलने खूण केली. मग रिसीव्हरमध्ये ५४.२ अंश हे काल्पनिक स्थान भरले, म्हणजे मोटर पश्चिमेला तेवढीच वळली, आणि दुपारी सव्वादोनला पुन्हा वर गेलो. सावली खुणेच्या पाऊण सेंटीमीटर खाली पडली होती. अर्ध्या मीटरच्या अंतरावर हे जवळजवळ एक अंश होते. सूर्यबिंबच अर्ध्या अंशाचे असल्याने सावलीची कड पुसट असते, म्हणून याहून बारीक मोजमापाची अपेक्षा करू नये. पण मोटर पूर्वेकडे वळलेली आहे एवढे निश्चित कळले. मी ती पट्टीच्या साहाय्याने किंचित पश्चिमेकडे वळवली आणि डिशचा झुकाव पुन्हा जुळवला. दुसऱ्या दिवशी सावली दोन्ही वेळा खुणेवर आली. पूर्वेला डिश खाली दाबल्यावर आणि पश्चिमेला वर उचलल्यावर सिग्नल वाढत असेल, तर चूक हीच असते. दोन्हीकडे एकाच दिशेने सुधारणा होत असेल, तर मोटरवरची अक्षांशाची पट्टी किंवा डिशचा झुकाव तपासावा.

यानंतरही थोडी चंचलता उरली. डिशची कड हाताने हलवली तर ती टकटक करत सरकत होती. हा गिअरमधला प्ले, म्हणजे दात्यांमधली मोकळीक. युरोपात मोटरचा अक्ष बराच उभा असतो, आपल्याकडे तो जवळजवळ आडवा येतो, त्यामुळे त्याच डिशचे वजन गिअरवर लंडनच्या तुलनेत दीडपट पिळ देते. पूर्वेकडे वळलेली डिश आपल्या वजनाने गिअर एका बाजूला दाबून ठेवते, म्हणून तिथे प्लेचा त्रास कमी होतो. दक्षिणेच्या जवळ वजन कोणत्याच बाजूला नसते आणि वाऱ्याबरोबर डिश डुलते. डिशच्या पाठीला एक स्प्रिंग ताणून बांधल्यावर हा त्रास बराच कमी झाला. मात्र ताण जास्त झाला तर मोटर कण्हते.

केबलची तक्रार नोंदवायलाच हवी. दुकानदाराने शुद्ध तांब्याची म्हणून दिलेल्या आरजी-६ केबलच्या गाभ्याला चुंबक चिकटले. आत पोलाद, वर तांब्याचा मुलामा. तीस मीटरवर मोटर सुरू होताना व्होल्टेज एवढे पडे की ती मध्येच थांबून पुढची मोजणी चुकवत असे. तांब्याची केबल घातल्यापासून तसे एकदाही झाले नाही.

जूनच्या वाऱ्यात ब्रॅकेटचे दोन बोल्ट सैल झाले. ते आवळून त्यांवर रंगाची रेघ ओढली आहे, म्हणजे पुन्हा सरकले तर खालूनच दिसेल. सध्या जीसॅट-१५ वर कोणत्याही बाजूने परत आले तरी ७६ ते ७८ मिळतात. ७५ अंशांच्या आसपास जोराचा वारा असला की आकडा अजूनही चार-पाचने खालीवर होतो, आणि या किमतीच्या मोटरमध्ये तो स्थिर करण्याचा उपाय मला सापडलेला नाही.