‘जठर खाली उतरवून देतो’ म्हणणाऱ्यांपासून सावध राहा

घरात कुणाला हायटस हर्निया (जठराचा भाग छातीत सरकण्याचा आजार) असेल, जेवल्यावर किंवा आडवं झाल्यावर धाप लागत असेल, आणि कुणी ‘ऑपरेशनशिवाय बरं करतो’ असं सांगत असेल, तर पैसे देण्याआधी हे वाचा. बार्शीत माझ्या आईच्या बाबतीत जे झालं ते सांगते आहे. त्या माणसाचं नाव इथे लिहीत नाही, ते तक्रारीत दिलं आहे.

आई ६७ वर्षांची, पाठीला बाक आलेला. आपल्या श्वासपटलात, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्यात, अन्ननलिका जाण्यापुरती एक वाट असते. ती सैल झाली की जठराचा वरचा भाग तिथून छातीत सरकतो. आईचं हेच एन्डोस्कोपीत दिसलं होतं. डॉक्टरांनी जेवणाआधी अर्धा तास पॅन्टोप्राझोल ही ॲसिडिटीची गोळी घ्यायला सांगितली, पलंगाचे उशाकडचे पाय विटांवर चढवायला लावले, रात्रीचं जेवण झोपण्याच्या तीन तास आधी उरकायला सांगितलं. जळजळ कमी झाली, पण धाप राहिली. ईसीजी आणि टू-डी इको या हृदयाच्या दोन्ही तपासण्या ठीक आल्या होत्या. रात्री आंबट पाणी घशाशी येऊन ती ठसकत उठायची आणि मग छातीतून शिट्टीसारखा आवाज यायचा. असा माणूस किती टेकीला येतो हे ज्यांच्या घरी आहे त्यांनाच कळेल.

एका मंगल कार्यालयात ‘मोफत आरोग्य शिबिर’ लागलं. शेजारच्या काकू आईला घेऊन गेल्या, मागून मी पोचले. टेबलावरच्या मुलीने आधी जुनी फाइल मागून घेतली आणि आत नेऊन दिली. मग आईच्या हातात धातूची कांडी दिली, ती लॅपटॉपला जोडलेली. मिनिटभरात जाडजूड रिपोर्ट छापून आला: यकृत, मूत्रपिंड, फुप्फुसं, हाडांतलं कॅल्शियम, सगळ्याचे आकडे, निम्मे लाल रंगात. तळहातात कांडी धरून यातलं काहीही मोजता येत नाही. त्या रिपोर्टमधली एकच गोष्ट खरी होती, हर्नियाची. ती आमच्याच फाइलमधून उचललेली होती.

पांढरा कोट घातलेला माणूस आईशी फार मायेने बोलला. “माऊली, जठर वर चढलंय. ते खाली उतरवायचं, एवढंच काम आहे. कापाकापी कशाला?” पाठीवर हात ठेवून बोलणारा माणूस आजारी बाईला देवासारखा वाटतो. ९० दिवसांचा कोर्स, ४८ हजार रुपये. पैसे त्याच्या खात्यात नाही, भलत्याच नावाच्या खात्यावर यूपीआयने मागितले. बिल मागितलं तर “शेवटी एकदम देऊ” म्हणाला. डब्यांवर ना घटक, ना परवाना क्रमांक, ना बॅच. फक्त मारुतीचा फोटो.

उपचारातली एकेक गोष्ट मुद्दाम लिहिते, कारण हीच यादी दुसऱ्या गावांत दुसऱ्या लोकांना दिली जात असणार.

पहिलं म्हणजे ॲसिडिटीची गोळी एकदम बंद. बरेच दिवस घेतलेली ही गोळी अचानक सोडली की काही काळ आम्ल उलट जास्त सुटतं. आईची छाती पेटली. फोन केल्यावर उत्तर मिळालं, “विष बाहेर पडतंय, सहन करा.”

दुसरं, पोटावर करकचून पट्टा. अंतर्गळाला पट्टा बांधलेला आपण पाहिलेला असतो, त्यामुळे हे पटतं. पण जांघेतला हर्निया वेगळा आणि हा वेगळा. पोट आवळलं की आतला दाब वाढतो आणि जठर आणखी वर ढकललं जातं. पट्टा लावून जेवल्यावर आईला श्वास पुरत नव्हता.

तिसरं, सकाळी कोमट पाणी पिऊन टाचा उचलायच्या आणि धपकन खाली आदळायच्या, म्हणजे म्हणे पाण्याच्या वजनाने जठर खाली येतं. हाडं ठिसूळ झालेल्या, बाक आलेल्या बाईला हे सांगणाऱ्याचा मला आजही संताप येतो. मणका दबला असता तर?

आणि चौथी ती पावडर. चार-पाच दिवसांत छातीतली घरघर थांबली, भूक वाढली, आई हसायला लागली. काकूंनी अजून दोघींना तिकडे पाठवलं. पुढे आईचा चेहरा गोल सुजला, हातावर जरासं लागलं तरी काळेनिळे डाग पडायला लागले, कधी नव्हती ती साखर वाढली. एके दिवशी अंगणात ती चक्कर येऊन कोसळली.

सोलापूरला नेलं. हिमोग्लोबिन ७ च्या आत. शौचाला बरेच दिवस काळी होत होती, ‘औषधाचा रंग’ असं तिला त्या माणसाने सांगून ठेवलं होतं. मोठ्या हर्नियात जठर श्वासपटलाच्या कडेला घासतं, तिथे व्रण होतात आणि रक्त थोडं थोडं झिरपत राहतं. धापेचं एक कारण हा रक्तक्षय होता. दुसरं, आम्ल घशापर्यंत येऊन श्वासनलिकेत उतरत होतं. आणि बेरियम पाजून काढलेल्या एक्स-रेत दिसलं की जठराचा बराच भाग छातीत बसून फुप्फुसाची जागा खात होता.

सकाळचं कॉर्टिसॉल, म्हणजे शरीर स्वतः बनवतं ते स्टेरॉइड, तपासलं, ते जवळजवळ नव्हतंच. बाहेरून स्टेरॉइड जात राहिलं की शरीर स्वतःचं बनवणं थांबवतं. आईला कुणी डॉक्टरने स्टेरॉइड दिलेलं नव्हतं, म्हणजे ते पावडरीतूनच जात होतं असं डॉक्टरांचं स्पष्ट मत पडलं. तिला बरं वाटलं होतं ते याच्यामुळे: सूज दबली, घरघर थांबली. जठर तसूभरही खाली आलं नव्हतं, आणि तोवर आत रक्तस्राव चालूच होता.

रक्त चढवलं, लोह सुरू झालं, गोळी परत सुरू झाली, स्टेरॉइड डॉक्टरांच्या देखरेखीत हळूहळू कमी केलं. मग दुर्बिणीतून ऑपरेशन झालं. जठर खाली ओढून भोक शिवलं आणि जठराचा वरचा भाग अन्ननलिकेभोवती गुंडाळला. १९५६ साली रुडॉल्फ निसेन या सर्जनने मांडलेली ही पद्धत आहे, काही नवी नाही. सगळ्यांना ऑपरेशन लागतं असंही नाही, लहान हर्निया असलेल्या बहुतेकांचं गोळ्या, वजन आणि पथ्यावर भागतं. आई आता बाजारात चालत जाऊन येते.

माझा राग आयुर्वेदावर नाही. आमच्या गल्लीतल्या वैद्यबाईंनीच मला सांगितलं की त्या माणसाचा नोंदणी क्रमांक विचारा. वैद्यांची नोंदणी महाराष्ट्र भारतीय वैद्यक परिषदेकडे असते, ॲलोपॅथीवाल्यांची महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे. मी क्रमांक विचारला त्या दिवसापासून त्याचा फोन बंद आहे.

अन्न व औषध प्रशासनाकडे आणि पोलिसांत तक्रार दिली आहे. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वरही नोंदवता येते. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या दाव्याला शुल्क नाही, मात्र दोन वर्षांच्या आत जावं लागतं. बिल नसलं तरी यूपीआयची नोंद, व्हॉट्सॲपवरचे संदेश, शिबिराचं पत्रक हे सगळं पुरावा म्हणून जपून ठेवा.

आणि अशी पावडर तुमच्या घरी आत्ता चालू असेल, तर ती रागाने एकदम बंद करू नका. स्टेरॉइड अचानक तुटलं तर रक्तदाब कोसळून जीवावर बेततं. डबा आणि रुग्ण, दोघांना घेऊन आजच फिजिशियनकडे जा, किती दिवस चालू आहे ते सांगा, आणि उरलेली पावडर डब्यासकट अन्न व औषध प्रशासनाकडे तपासायला द्या.